महादेवाचा चालता डोळा

“मागं सरा, मागं! डोळ्याच्या वाटंत कुनी हुबं राहू नका!” महाराजांचा चेला ओरडत होता.

हरसूलच्या आठवडे बाजारात, सुक्या बोंबलाच्या पाट्या आणि मिरच्यांचे ढीग यांच्या मधोमध, दीड-दोनशे माणसं टाचा उंचावून उभी होती. मध्ये भगवा तंबू. तंबूत वाघाच्या कातड्याचं चित्र छापलेली सतरंजी, आणि तिच्यावर त्रिलोचनानंद महाराज बसलेले. एवढं लांबलचक नाव घ्यायला बाजारच्या दिवशी कुणाला वेळ? सगळे त्याला डोळेबाबाच म्हणत. त्याच्यापुढे तांदळाच्या राशीवर स्टीलची थाळी, थाळीत नखभर खोल तीर्थ, आणि तीर्थात महादेवाचा डोळा.

डोळा म्हणजे सुपारीएवढी एक चकती. वरून फुगीर, पांढरी, मध्ये हिरवट-तपकिरी बुबुळ. खालून सपाट, आणि त्या सपाट बाजूवर आतून बाहेर गोल गोल फिरत गेलेली रेघ. चकती मात्र खरोखर देखणी होती, हे कबूल केलं पाहिजे.

“देखो बच्चा,” बाबा सांगत होता, “हा ब्रह्मगिरीच्या पोटातनं निघाला. सातशे वरस अंधारात होता, अब जागा झाला. जिसके पोटात पाप, उसके तरफ हा चालत जाणार. मगर तीर्थाला कोणी हात लावायचा नाही. जीभ लावली तो आंधळा! सीधा आंधळा! आमच्या एका चेल्याने चाखलं, आज काठी टेकत फिरतो.”

हिंदी अर्धं, मराठी अर्धं, आणि उरलेला भाग उदबत्तीच्या धुराचा. पण मग डोळा हलला. आधी जागच्या जागी थरथरला, मग सरकला, थांबला, आणि पुन्हा सरकला. डोळ्याला कुणी हात लावला नव्हता, दोरा नव्हता. बाबाचा जपमाळेचा हात थाळीच्या कडेशी निवांत टेकलेला. लोकांनी एकदम “हर हर महादेव” केलं. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला.

मी दिनेश, नाशिकच्या पंचवटीत वाढलेला विज्ञानाचा पदवीधर. सत्त्याण्णव साली बाजारापासून कोसभरावर, खैरपाड्याच्या निवासी आश्रमशाळेत विज्ञान शिकवत होतो. माझ्या अंगावर काटा आला याचा मला भयंकर राग आला.

इथल्या लोकांना अडाणी म्हणणाऱ्यांचाही मला राग येतो. डोळा खरा की खोटा हे पाहायला त्यांनी पुंजाला बोलावलं होतं. पुंजाने सत्तर पावसाळे रानात काढलेले. पानाचा तुकडा चुरगाळून वास घेतला की झाडाचं नाव सांगणारा, वाळलेली विष्ठा पाहून जनावर कुठल्या वाटेने गेलं ते सांगणारा माणूस. त्याने डोळा हातात घेऊन नखाने खरवडला, दातावर आपटला.

“बी नाय,” तो म्हणाला. “हाड नाय, शिंग नाय, धोंडा नाय, डिंकबी नाय. ह्ये आपल्या रानातलं नाय.”

झालं. आमच्या डोंगरात पुंजाला ओळखू न येणारी वस्तू म्हणजे पृथ्वीवर नसलेली वस्तू. त्यांना कमी माहीत होतं म्हणून ते फसले नाहीत. रानातलं सगळं माहीत होतं, म्हणून फसले. समुद्र त्यांच्यापर्यंत पोचायचा तो फक्त बोंबलाच्या रूपाने.

त्या दिवशी डोळा थांबला तो चिमणाबाईसमोर.

चिमणाबाई आमच्या शाळेची स्वयंपाकीण. खैरपाड्याचीच. चाळिशीची, काटक, एका वेळी दीडशे पोरांच्या भाकरी थापणारी. नवरा झिपरू दिंडोरीकडे द्राक्षबागांत कामाला गेलेला. तो कुठल्या बागेत आहे हे ठाऊक नाही, आणि होळीआधी परत यायचा नाही. तिचा गुन्हा एवढाच की, गावातले वजनदार गृहस्थ कारभारीअण्णा आपल्या नातीला, निकिताला, बाबाकडे अंगाऱ्यासाठी घेऊन आले तेव्हा ती चारचौघांत बोलली, “अण्णा, पोरीचं डोळं पिवळं झाल्यात. काविळीला दवाखाना लागतो, दुसऱ्याचा डोळा काय कामाचा?”

लोक हसले. बाबा हसला नाही. त्याने सगळ्यांना गोल करून बसवलं आणि डोळा सोडला. डोळा चिमणाबाईकडे गेला. दुसऱ्यांदा सोडला, पुन्हा तिच्याकडेच. मग त्याने थाळीतलं तीर्थ तिच्या अंगावर शिंपडलं. भाजी चिरताना कापलेल्या तिच्या बोटावर थेंब पडले आणि ती “स्स” करून हात झटकू लागली.

“देखो! पाप झोंबतंय!” बाबा ओरडला. “हिने पोरीची काया खाल्ली! चेटकीण है ये!”

इथे मी शहाणपणा केला. आयुष्यात केलेल्या शहाणपणांपैकी याची मला सर्वांत जास्त लाज वाटते. मी गर्दीतून पुढे घुसलो आणि छाती काढून म्हणालो, “थाळीखाली लोहचुंबक आहे! डोळ्यात लोखंडाचा तुकडा आहे! हे पाहा!” आणि थाळी उलटी केली. तांदूळ उपसला. सतरंजी उचलली.

काही नव्हतं. खिशातला चुंबक मी डोळ्याला लावून पाहिला, तो चिकटला नाही. लोक हसायला लागले. बाबाने माझ्याकडे मोठ्या दयेने पाहिलं, नवी थाळी मांडली, कमंडलूतून नवं तीर्थ ओतलं, आणि डोळा तिसऱ्यांदा चिमणाबाईकडे गेला.

आतापर्यंत ज्यांना थोडी शंका होती त्यांचीही फिटली. “मास्तरनं तपासला की! आता काय राह्यलं?” असं लोक बोलू लागले. माझ्या त्या लोहचुंबकाने बाबाच्या डोळ्यावर सरकारी शिक्का मारून दिला होता.

कारभारीअण्णांनी तिथेच निकाल दिला. पंधरा दिवसांनंतरच्या बाजारात, सगळ्यांसमोर, चिमणाबाईने गाव सोडायचं. तोवर पाड्यात पाऊल टाकायचं नाही. बाबाने तिच्या घराच्या उंबऱ्यावर मंतरलेल्या राखेची रेघ ओढली. ती ओलांडली तर घरातलं माणूस मरेल, असं सांगितलं. घरातलं माणूस म्हणजे झिपरू. संध्याकाळी चिमणाबाई एक गाठोडं घेऊन शाळेच्या पायरीशी उभी राहिली. पोरांच्या स्वयंपाकालाही आता तिचे हात चालणार नव्हते. कारभारीअण्णांचा निरोप तिच्या आधीच येऊन पोचला होता.

मी तिला धान्याच्या कोठीत जागा करून दिली. तांदळाची पोती, तेलाचे डबे, उंदरांचा वास आणि एक गज लावलेली खिडकी. खिडकीतून ओढ्यापलीकडे पाडा दिसायचा, आणि त्यात तिचं स्वतःचं कौलारू घर. इतर घरांवर संध्याकाळी धूर चढायचा. तिच्या घरावर काही नाही. ती तासन् तास गजाला धरून तिकडे पाहत बसायची. ओढ्यावरच्या फरशीपुलावर कारभारीअण्णांची दोन माणसं विड्या ओढत बसलेली असत, त्यामुळे तिला नीट अंगणातही येता येत नव्हतं. पोरं लपूनछपून पाणी आणून द्यायची आणि “मावशी, नव्या बाईची भाकरी कच्ची असते गं” म्हणून तक्रार करायची.

“नाशिकला चला,” मी चौथ्या दिवशी म्हणालो. “माझी आई आहे घरी. काही दिवस राहा.”

“नगं, गुरुजी.” ती शांत होती, आणि त्यामुळेच मला ऐकवेना. “म्या गेली तर म्हन्तील, पळाली. पळाली म्हंजी खरीच चेटकीण व्हती. आन् राह्यली तर हाकलतील. हाकलली म्हंजीबी खरीच. तुमीच सांगा, कुठल्या दारानं जाऊ?”

तो प्रश्न माझ्यामुळे जास्त घट्ट झाला होता, हे तिने एकदाही बोलून दाखवलं नाही. मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावून रजेवर जायचा सल्ला दिला. मी रात्रीची झोप घालवून डोक्यात नवे नवे तर्क करत होतो: पारा असेल, घड्याळाची चावी असेल, आत किडा कोंडला असेल. एकही पटत नव्हता. डोळा चालतो कसा हे मला कळत नव्हतं, आणि मला कळत नाही म्हणून एक बाई कोठीत कोंडली गेली होती.

अशातच आमच्या सहलीचा दिवस आला. सातवीच्या बावीस पोरांना समुद्र दाखवायचा, हे दिवाळीतच ठरलं होतं. नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मीनाताई दर हिवाळ्यात अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला डहाणूकडच्या खडकाळ किनाऱ्यावर मुलांना फिरवत. त्यांचं पत्र आलं होतं, टेम्पो ठरला होता. पण चिमणाबाईला मागे एकटी कशी ठेवायची? शाळेत तिची बाजू घेणारं दुसरं कुणी नाही, आणि फरशीवर ती दोन माणसं. शेवटी पहाटे मी तिला टेम्पोच्या केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या बाजूला, घोंगडी पांघरून बसवलं. फरशीवरच्या दोघांनी मागची गाणी म्हणणारी पोरं पाहिली. पुढे कोण बसलंय हे त्यांना दिसलं नाही.

जव्हारचा घाट उतरून संध्याकाळी आम्ही डहाणूच्या एका शाळेत मुक्कामाला पोचलो. चिमणाबाई रस्ताभर घोंगडी डोक्यावरून घट्ट ओढून बसली होती. आम्ही तिला दुसऱ्या कोठीत नेतोय की काय, असं तिला वाटत असावं.

सकाळी दिवस उगवताना मीनाताई किनाऱ्यावर हजर. ठेंगणी बाई, डोक्यावर टोपी, साडी वर खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट, आणि आवाज बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला हरवेल असा.

“ऐका रे! समुद्र आत्ता घराबाहेर गेलाय, तीन तासांत परत येईल. तोवर आपण त्याच्या घरात पाहुणे. दगड उचललात तर होता तसा परत ठेवायचा. त्याच्याखाली कुणाचं तरी घर असतं. जिवंत काहीही उचलून न्यायचं नाही. आणि काय दिसलं ते आधी बघायचं, मग नाव विचारायचं. कळलं?”

पोरांनी आपल्या डोळ्यांनी समुद्र वाचायला सुरुवात केली. वाळूवर पसरलेला एक वेल पाहून सगळी ओरडली, “आपटा! आपटा!” पान खरंच आपट्यासारखं, मधोमध चिरलेलं.

“ही मर्यादवेल,” मीनाताई म्हणाल्या. “वाळू धरून ठेवते. पण तुम्ही पान बघितलंत, हे छान.”

पुढे चिखलात तिवरांची झाडं. त्यांच्याभोवती जमिनीतून शेकडो काटक्या वर आलेल्या. “ह्या मुळ्या. चिखलात हवा नाही, म्हणून झाड मुळ्या वर काढून श्वास घेतं,” असं ताईंनी सांगितल्यावर पोरं त्या काटक्यांना नाक लावून बसली. मग खडकांतली डबकी सुरू झाली. फुलासारखा दिसणारा आणि बोट लावताच मिटून जाणारा प्राणी, दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड करणारा खेकडा, पायांनी नव्हे तर परांनी चिखलावर उड्या मारणारा निवट्या मासा. पोरांच्या तोंडाला कुलूपच नव्हतं.

चिमणाबाई मागेच, एका डबक्याशी उकिडवी बसली होती. बारा दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चारी बाजूंना भिंत नव्हती, आणि तरी ती अंग चोरूनच बसली होती. डबक्यात खडकाला चिकटलेली, लिंबाएवढ्या शंखाची एक समुद्रगोगलगाय होती. शंखातून मऊ अंग बाहेर काढून ती हळूहळू चालत होती. चिमणाबाईने बोट लावलं. गोगलगाय आत गेली, आणि जाता जाता तिने तोंडावर एक झाकण ओढून घेतलं.

चिमणाबाईचा हात तसाच पाण्यात राहिला.

“गुरुजी,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “गुरुजी, हिकडं या. डोळा.”

मी वाकून पाहिलं. शंखाच्या तोंडात घट्ट बसलेली गोल चकती. फुगीर, पांढरी, मध्ये हिरवट-तपकिरी बुबुळ. महादेवाचा डोळा आमच्याकडे पाहत होता.

मी ओरडलो तेव्हा मीनाताई धावत आल्या. “अहो, हा डोळा कसला? हे तिचं दार आहे. पाठीला बांधून फिरते. कोणी खायला आलं, ऊन झालं, ओहोटीला पाणी गेलं, की आत जाऊन लावून घेते. ती मेली की शंख कुठे जातो, दार कुठे जातं. त्या कचऱ्याच्या रेघेत शोधा, सुटी सापडतील.”

भरतीने किनाऱ्यावर आणून टाकलेल्या शेवाळ-शंखांच्या कचऱ्यात पोरांनी अर्ध्या तासात चार चकत्या शोधून काढल्या. खालच्या बाजूला तीच गोल गोल फिरत गेलेली रेघ. “जसजशी गोगलगाय वाढते तसतसं दारही वाढवावं लागतं, ती वाढीची खूण,” ताई म्हणाल्या.

“पण ही चालते कशी?” बाबाच्या थाळीची हकीकत सांगून मी विचारलं. “मेलेलं दार चालतं कसं?”

मीनाताईही विचारात पडल्या. तेव्हा चिमणाबाईने आपलं कापलेलं बोट डोळ्यांपुढे धरलं. जखम आता भरत आली होती.

“ताई,” ती म्हणाली, “त्याचं तीर्थ ह्या बोटाला झोंबलं व्हतं. पाप झोंबतं, म्हनला. पर मला तवाच वाटलं, ह्ये झोंबनं वळखीचं हाय. लोनच्याची लिंबं चिरताना आसंच झोंबतं.”

पोरांच्या खिचडीबरोबर द्यायला लिंबं आणलेली होतीच. चिमणाबाईने डब्याचं झाकण दगडावर ठेवलं, त्यात चार लिंबं पिळली, आणि चकती रसात ठेवली. काही झालं नाही. माझा चेहरा पडला. तिचा नाही. “उलटी पडली,” म्हणून तिने चकती फिरवली, सपाट बाजू खाली केली.

चकती थरथरली. सरकली. थांबली. पुन्हा सरकली.

बावीस पोरांनी केलेल्या आरड्याने किनाऱ्यावरचे बगळे उडाले. “बुडबुडे बघा, बुडबुडे!” मीनाताई गुडघ्यावर बसल्या होत्या. “दार चुनखडीचं. चुनखडीवर आंबट पडलं की वायू सुटतो. खालून बुडबुडे येतात, चकती त्यांच्यावर उचलली जाते आणि घसरते!”

“सोड्यावर लिंबू पिळल्यावानी,” चिमणाबाई म्हणाली. मग तिने अंगठा झाकणाच्या कडेवर ठेवला आणि किंचित दाबला. चकती लगेच त्या बाजूला घसरत गेली. “जपाची माळ घेतल्याला हात त्यो थाळीच्या कडंवर ठिवायचा, गुरुजी. थाळी तांदळावर. जिकडं दाबंल तिकडं डोळा.”

मी तिथेच खडकावर बसलो. मी तांदूळ उपसला होता, सतरंजी उचलली होती. अंगठा पाहिला नव्हता, आणि तीर्थाला नाक लावलं नव्हतं. जे शोधायचं ते आधीच ठरवून गेलेल्या माणसाला समोरचं काय दिसणार? मला लाज वाटली आणि आनंदही झाला, दोन्ही एकदमच.

चिमणाबाई पुन्हा त्या डबक्याशी गेली होती. गोगलगाईने दार किलकिलं केलं होतं. “हिचं बरं हाय,” ती म्हणाली. “कडी आतून हाय.”

परत निघताना मीनाताईंनी आपल्या पेटीतला एक जुना शंख दिला, त्याच्या दारासकट.

पंधराव्या दिवशीचा बाजार. गर्दी मागच्या वेळेच्या दुप्पट. चिमणाबाई गाव सोडताना बघायला लोक आले होते, हे सांगायला मला जड जातंय, पण आले होते. तिने गाठोडं काखेत मारलेलं. फरशीवरची दोन माणसं मागोमाग. मी पुढे बोलायला निघालो तेव्हा तिने मला हाताने अडवलं. “तुमी मागल्या येळेला लय बोललात, गुरुजी,” ती म्हणाली. मी मागे उभा राहिलो.

ती सरळ तंबूत गेली आणि सतरंजीसमोर बसली.

“महाराज, जाते म्या. जायच्या आधी एकदा डोळा दावा.”

बाबा खूश झाला. जमावाला याहून चांगला शेवट कुठला? थाळी मांडली, तीर्थ ओतलं, माळेचा हात कडेवर गेला. डोळा चिमणाबाईकडे चालायला लागला. लोक “हर हर” म्हणणार, तेवढ्यात तिने दोन्ही हातांनी थाळी उचलली आणि तोंडाला लावली.

ती घटाघट प्यायली. सगळं तीर्थ. शेवटी डोळा दातांत अडकला तो तिने काढून तळहातावर ठेवला.

“आंधळी झाली!” कुणीतरी किंचाळलं.

“पुंजादादा,” चिमणाबाई म्हणाली, “तुझं धोतार गुडघ्यावर फाटलंय. कारभारीअण्णा, तुमच्या टोपीला नीळ जास्त झाली. आन् महाराज, तुमच्या कमंडलूत लिंबू हाय. चिमूटभर मीठ आन् साखर घालाया पायजे व्हती, सरबत बरं झालं असतं.”

लिंबं विकणारी बायडाबाई शेजारीच बसलेली. तिच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. “आगं बया! त्यो चेला दर बाजारी माझ्याकडनं शंभर लिंबं नेतोय! म्या म्हनलं, महाराजाला पित्त आसंल!”

पहिल्यांदा हसलं ते एक म्हातारं माणूस. मग हसू पसरत गेलं. पण चिमणाबाई हसत नव्हती. तिने गाठोडं सोडलं. त्यात कपडे नव्हतेच. शाळेतली थाळी, लिंबं, किनाऱ्यावरच्या चकत्या आणि शंख. तिने लिंबं पिळली, चकती सोडली आणि अंगठ्याने ती कारभारीअण्णांकडे चालवत नेली. मग बायडाबाईकडे, मग माझ्याकडे. “सांगा,” ती म्हणाली, “ह्यांतल्या कुनी कुनी निकिताची काया खाल्ली?”

अण्णा खाली पाहू लागले.

शेवटी तिने शंख पुंजाच्या हातात दिला. “दादा, तूच म्हनला व्हतास, आपल्या रानातलं नाय. खरं बोललास. दुसऱ्याच्या रानातलं हाय.”

पुंजाने शंखाचं दार बोटाने चाचपलं, काढलं, पुन्हा बसवलं. मग बाबाचा डोळा त्याच तोंडात बसवून पाहिला. एका बाजूला केसभर फट राहिली, बाकी बसला. रेघही तीच.

“दार हाय,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “कुन्या किड्याचं दार हाय. मला ठावं नव्हतं. ‘मला ठावं नाय’ येवढंच म्हनायला पायजे व्हतं म्या. आपल्या रानातलं नाय, असं म्हनलो, आन् तुमी त्याचा देव केला. चिमणे, माझं चुकलं.”

सत्तर वर्षांच्या माणसाने भर बाजारात ही कबुली देणं किती अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. मी अजून माझ्या लोहचुंबकाची कबुली तशी दिली नव्हती. मग मीही दिली.

या गडबडीत महाराज तंबू तसाच टाकून जीपगाडीत बसून गेले होते. सतरंजीमागे पिळलेल्या लिंबांच्या सालींचं पोतं सापडलं. आणि हेही सांगून टाकतो: निकिता बरी होत होती, पण अंगाऱ्याने नव्हे. तिच्या आईने सासऱ्याला न सांगता तिला त्र्यंबकच्या दवाखान्यात नेलं होतं. चिमणाबाईचं ते एक वाक्य कुणी तरी ऐकलं होतं.

त्या संध्याकाळी कारभारीअण्णा चिमणाबाईला म्हणाले, “आत्ताच घरात शिरू नकोस. राखेची रेघ आहे, कुणाला तरी बोलावून उतरवून घेऊ.” त्यांच्या आवाजात अधिकार नव्हता, भीतीच होती. चिमणाबाईने ओढा ओलांडला, आपल्या दाराशी गेली, वळचणीची केरसुणी काढली आणि उंबरा झाडून घेतला. मग आत गेली. मी कोठीच्या खिडकीत गज धरून उभा होतो. थोड्या वेळाने तिच्या कौलांतून धूर निघाला.

होळीला झिपरू धडधाकट परत आला. पोरांना मावशीची भाकरी पुन्हा मिळू लागली, तरी पाड्यातली दोन घरं अजूनही तिच्या हातचं पाणी घेत नाहीत. राख झाडायला एक केरसुणी पुरली, मनातली झाडायला वेळ लागतोय. पुढच्या हिवाळ्यात मात्र पुंजा टेम्पोत पोरांच्या आधी येऊन बसला होता.

तुम्ही हुशार व्हा, असं मी सांगणार नाही. हुशार मीही होतो. मी एवढंच सांगतो: जिथे हात लावायला, वास घ्यायला, विचारायला बंदी आहे तिथेच थांबा आणि नीट बघा. काहीच कळलं नाही, तर मोठ्याने म्हणा, मला कळत नाही. त्यात लाज नाही. फक्त आपल्याला जे कळत नाही, त्याच्या आत कुणा बाईला कोंडू नका.